चढावरचा कस

दिल्ली हे सपाट शहर आहे, असा बाहेरून येणाऱ्या माणसाचा, त्यातही सह्याद्रीचे घाट पाहून आलेल्या मराठी माणसाचा, पहिला समज असतो. मथुरेकडून किंवा पानिपताकडून गाडी येऊ लागली की दोन्ही अंगांना दृष्टी पोचेल तिथवर जमीन एका पातळीत पसरलेली दिसते आणि शहरही तसेच असणार असे मन गृहीत धरते. परंतु पहाडगंज, पहाडी धीरज, रायसीना टेकडी ही नावे शहराला उगाच चिकटलेली नाहीत. अरवलीची प्राचीन रांग राजस्थानातून उत्तरेकडे सरकत येते आणि दिल्लीत, यमुनेच्या काठाजवळ, तिचे शेवटचे टोक जमिनीत विरून जाते. या टोकालाच येथे रिज म्हणतात. रायसीनावर चढणाऱ्या रस्त्याला किती चढ द्यावा यावरून नवी दिल्ली रचणाऱ्या लुट्येन्स आणि बेकर या दोन स्थापत्यकारांत वितुष्ट आले होते. आजही विजय चौकापाशी आले की राष्ट्रपती भवनाचा दर्शनी भाग चढाआड बुडतो आणि घुमट तेवढा वर दिसत राहतो.

मोटारीत बसलेल्याला हा उंचसखलपणा जाणवत नाही. सायकलवाल्याला तो पोटऱ्यांत जाणवतो, हातगाडीवाल्याला खांद्यांत. मला तो नेमका कळला एका जुन्या, दुसऱ्याच्या हातून आलेल्या विजेच्या स्कूटरमुळे. ती स्कूटर माझी नव्हती. परंतु तिच्या दुखण्याचा शोध घेण्यात माझे दीड-दोन आठवडे गेले, आणि त्या शोधाने जे शिकवले ते स्कूटरपुरते राहिले नाही.

करोलबागेत बीडनपुरा, रेगरपुरा या भागांतून हिंडताना अधूनमधून मराठी कानावर पडते. ही मराठी पुण्या-मुंबईची नव्हे. माणदेशाच्या कडेची, सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडी-तासगाव तालुक्यांची. पावसाने पिढ्यान्‌पिढ्या पाठ फिरवलेल्या या मुलखातली माणसे गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगली. जुने दागिने, मोड, सोनाराच्या दुकानातली झाडणीची धूळसुद्धा वितळवून, आम्लात घालून तिच्यातला शुद्ध धातू वेगळा काढायचा, हा तो धंदा. दिल्लीतल्या अशाच एका गलाईच्या दुकानात विट्याजवळच्या गावचा एक तरुण काम करतो. आमच्याच इमारतीत तो, त्याचा थोरला भाऊ आणि वहिनी राहतात. मला तो काका म्हणतो.

वहिनींनी डबे सुरू केले होते. स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी महाराष्ट्रातून आलेली मुले जुन्या राजेंद्रनगरात आणि मुखर्जीनगरात दाटीवाटीने राहतात. परीक्षा होईतो त्यांना राजधानीही दिसत नाही आणि भाकरीही. जुने राजेंद्रनगर करोलबागेला लागूनच आहे, तेथले डबे पायीही पोचत. मुखर्जीनगर मात्र उत्तरेला नऊ-दहा किलोमीटरवर, आणि वाटेत राणी झाशी रोडवरचा उड्डाणपूल. २०१८ साली तो वाहतुकीला खुला झाला तेव्हा सगळ्यांना हायसे वाटले होते. दिवसभर भट्टीपुढे उभे राहून संध्याकाळी डबे पोचवण्यासाठी या मुलाने साठवलेल्या पैशांतून अठरा हजारांना ही स्कूटर घेतली. ताशी पंचवीस किलोमीटरपेक्षा कमी वेगाची आणि अडीचशे वॅटच्या आतली. अशा वाहनाला केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार नोंदणी लागत नाही आणि चालवणाऱ्याला परवानाही लागत नाही. पायदानाखालच्या पेटीत बारा व्होल्टच्या पाच शिसाच्या बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या. मिळून साठ व्होल्ट.

पहिले पंधरा दिवस ती नीट चालली. मग उड्डाणपुलावर तिचा जीव घाबरा होऊ लागला. निम्म्या चढावर वेग माणसाच्या चालीवर येई, पुढचा दिवा मंद होई, आणि एखादे हुसके दिल्यासारखी होऊन ती बंद पडे. कडेला घेऊन दहा मिनिटे उभी केली की पुन्हा सुरू. पलीकडे उतरल्यावर सपाट रस्त्यावर काही झालेच नाही अशा थाटात धावे. डबे थंड होऊ लागले. मुखर्जीनगरची बारा मुले होती, त्यांतली चार महिन्याभरात दुसरीकडे गेली. वहिनी काही बोलल्या नाहीत. पण रोज किती पीठ मळायचे हे त्या आता संध्याकाळी विचारू लागल्या.

विकणाऱ्याला फोन केला तेव्हा तो शांतपणे म्हणाला, बॅटऱ्या उत्तम आहेत, मीटर लावून पाहा. आम्ही मीटर लावला. रात्रभर चार्ज करून सकाळी पाहिले तर एकूण चौसष्ट व्होल्ट. सुटी सुटी मोजली तर पाचही बॅटऱ्या १२.८ च्या आगेमागे. पुस्तकात पूर्ण भरलेल्या बॅटरीचा जो आकडा दिलेला असतो तोच हा. विकणारा खोटे बोलला नव्हता. मीटरही खोटे बोलत नव्हता. आणि तरी स्कूटर चढत नव्हती.

दिल्लीत अशा दुखण्यांचा एक वैद्यवर्ग गेल्या पंधरा वर्षांत तयार झाला आहे, आणि तो घडवला ई-रिक्षांनी. २०१० च्या सुमारास या तीनचाकी गाड्या येथे दिसू लागल्या. कोणत्याच नियमात न बसणाऱ्या त्या वाहनांवर २०१४ च्या जुलैत दिल्ली उच्च न्यायालयाने बंदी घातली, आणि २०१५ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन त्यांना मान्यता मिळाली. या साऱ्या घडामोडींत गल्लीबोळांतून शिसाच्या बॅटऱ्या, कंट्रोलर, चार्जर दुरुस्त करणारे मिस्त्री उभे राहिले. २०२० साली दिल्ली सरकारने विजेच्या वाहनांचे धोरण जाहीर केले, पण त्याआधीच या मंडळींनी त्या धोरणाचा पाया फुटपाथवर घातलेला होता. करोलबागेच्या कडेला अशाच एका मिस्त्रीकडे आम्ही गेलो. मूळचा ई-रिक्षा चालवणारा. आपली गाडी वारंवार बंद पडे म्हणून दुरुस्ती शिकला आणि मग चालवणे सोडून दुरुस्तीच करू लागला.

त्याने प्रथम बॅटऱ्यांना हातही लावला नाही. दोन्ही चाकांतली हवा पाहिली. स्कूटर स्टँडवर घेऊन मागचे चाक हाताने फिरवले आणि ते आपले आपण किती वेळ फिरत राहते ते ऐकले. ब्रेक घासत असता तर त्या आवाजात कळले असते. मग मूठ पिळली. हवेत उचललेले चाक सुसाट फिरू लागले. मोटरमध्ये जाणाऱ्या तीन जाड तारा आणि पाच बारीक तारा, त्यांची जोडणी, बॅटऱ्यांच्या टोकांवरचे आटे, मुख्य स्विचचा प्लग, सगळे त्याने बोटांनी चाचपले. कुठे प्लॅस्टिक वितळलेले नाही, कुठे हिरवट गंज नाही. चार्जरने काम संपवताना दिलेला दाब मोजला, तोही बरोबर. तेवढ्यावर त्याने आम्हाला परत पाठवले. रविवारी सकाळी या, म्हणाला. पण पूर्ण चार्ज करून थेट येऊ नका, सहा-सात किलोमीटर फिरवून, थोडी दमवून आणा.

रविवारी तो आम्हाला शंकर रोडवर घेऊन गेला. राजेंद्रनगराकडून हा रस्ता रिजवर चढतो. दोन्ही बाजूंना काटेरी झाडांचे रान, सकाळी तुरळक रहदारी. खाली उभे राहून त्याने पुन्हा एकदा पाचही बॅटऱ्या मोजल्या. चार साडेबारा दाखवत होत्या, तिसरी १२.३. इतका फरक कोणीही सोडून देईल. मिस्त्री म्हणाला, "खडी गाडी में सब बराबर हैं. चढाई पे देखो." मग त्याने पहिल्या बॅटरीच्या दोन टोकांना लांब तारा जोडल्या, त्यांच्या दुसऱ्या टोकाचा मीटर माझ्या हाती दिला, मला मागे बसवले आणि मुलाला म्हणाला, चल.

असे आम्ही पाच वेळा चढलो. दर खेपेला वेगळ्या बॅटरीची नाडी माझ्या हातात. पहिली चढताना साडेबारावरून ११.७ वर आली आणि तेथेच ठाम राहिली. दुसरीही तशीच. तिसरीच्या खेपेला स्कूटर चढाला लागली न लागली तोच आकडे कोसळू लागले. दहा, नऊ, आठ. मिस्त्री खालून ओरडून विचारत होता आणि मी वरून ओरडून सांगत होतो. सहावर आल्यावर स्कूटर थांबली. चौथी आणि पाचवी पुन्हा साडेअकराच्या वर.

फुटपाथवर बसून मी बेरीज केली. चढावर चार निरोगी बॅटऱ्या प्रत्येकी ११.६ धरल्या तरी ४६.४ होतात, त्यांत आजारी बॅटरीचे सहा मिळवले की ५२.४. अशा साठ व्होल्टच्या गाडीचा कंट्रोलर साडेबावन्नच्या आसपास वीज तोडतो, कारण त्याखाली बॅटऱ्या ओढल्या तर त्या कायमच्या बिघडतात. कंट्रोलरला एकेक बॅटरी दिसत नाही, त्याला बेरीज दिसते. तो समजतो की पाचही जणी दमल्या आहेत, आणि सगळ्यांना वाचवण्यासाठी गाडी उभी करतो. खरे तर चौघी आणखी दहा-बारा किलोमीटर जायला तयार असतात.

चढच का लागतो याचेही गणित अवघड नाही. पाऊणशे किलोचा माणूस आणि नव्वद-पंचाण्णव किलोची गाडी सपाट रस्त्यावर ताशी पंचवीसच्या वेगाने न्यायची तर अडीचशे-तीनशे वॅट पुरतात. तोच रस्ता वीस मीटरमागे एक मीटर चढू लागला तर त्याच वेगासाठी जवळजवळ तिप्पट शक्ती लागते. मीटरच्या तारांतून मात्र जवळजवळ काहीच वाहत नाही; तो बॅटरीकडे काही मागतच नाही, नुसते तोंडाकडे पाहून येतो. दिसते तसे नसते, ही म्हण आपण माणसांच्या लबाडीविषयी वापरतो. येथे लबाडी कोणाचीच नव्हती. न मागता जे दिसते ते खरे असूनही अपुरे असते, इतकेच.

मिस्त्री तेवढ्यावर थांबला नाही याचे मला अधिक कौतुक वाटले. त्याने तिसरी बॅटरी काढून पहिलीच्या जागी बसवली, पहिली तिसरीच्या जागी, आणि पुन्हा दोन फेऱ्या मारायला लावल्या. दोष जागेचा असता, तिथल्या तारेचा किंवा आट्याचा असता, तर तो जागेवरच राहिला असता. दोष बॅटरीबरोबर हलला. एखाद्याला अपराधी ठरवण्यापूर्वी त्याची जागा बदलून पाहावी, हा नियम आपल्या घरांत आणि कचेऱ्यांत किती वेळा पाळला जातो, असा विचार त्या क्षणी मनात येऊन गेला.

बॅटरी अशी का होते? गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली शिसाचे दोन पत्रे गंधकाम्लात बुडवून पुन्हापुन्हा भरता येणारी पहिली बॅटरी केली. आजच्या बॅटरीचे तत्त्वही तेच आहे. वीज दिली जाते तेव्हा दोन्ही पत्र्यांवर शिसाच्या गंधकक्षाराचा थर बसतो आणि चार्ज करताना तो विरघळून जातो. बॅटरी रिकामी झाल्यावर तशीच पडून राहिली की तो थर कठीण, स्फटिकरूप होतो आणि मग सहजी निघत नाही. उरलेल्या मोकळ्या पत्र्यावर बॅटरी आपला पूर्ण दाब दाखवते. परंतु मागणी वाढली की तिच्यापाशी पुरवायला पृष्ठभागच उरत नाही. दिल्लीचा जेठ-आषाढ तिचे आयुष्य कमी करतो आणि पौष-माघाची थंडी तिची उरलीसुरली ताकद आखडून घेते. ही तिसरी बॅटरी केव्हा, कोणाच्या घरी, किती महिने रिकामी पडून होती हे कळायला मार्ग नव्हता. दुसऱ्याच्या हातची वस्तू घेताना आपण तिचे वर्तमान विकत घेतो. भूतकाळ विकणाऱ्यापाशीच राहतो.

आता काय करायचे हा प्रश्न होता. पाचही नव्या घ्यायच्या तर अकरा हजार लागणार, आणि तितके पैसे त्याच्यापाशी नव्हते. एकच नवी घालावी तर मिस्त्री नको म्हणाला. जुन्या चौघींत एक ताजी बसवली की चार्ज होताना त्या लवकर भरतात आणि ती अर्धवट राहते, किंवा तिच्यासाठी थांबावे तर त्या उकळतात. वर्षभरात सगळ्यांचेच नुकसान. तेवढ्यात शेजारच्या दलालाने तिसरा मार्ग सुचवला. गाडी धुऊनपुसून, पूर्ण चार्ज करून सकाळी उभी करा, पंधरा हजार मी मिळवून देतो. गिऱ्हाईक गल्लीतच चालवून पाहते, आणि गल्ली सपाट आहे. मीटर लावायचा तर खुशाल लावू दे.

हे ऐकताना मी मुलाच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. पंधरा हजार ही त्याच्या दृष्टीने थोडी रक्कम नव्हती. चार डबे गेले होते, उरलेले आठही जाण्याच्या वाटेवर होते. त्याला कोणी फसवले असे म्हणता येत नव्हते आणि त्यानेही कोणाला एक शब्द खोटा सांगावा लागणार नव्हता. तो बराच वेळ काही बोलला नाही. परतताना वाटेत म्हणाला, "काका, आमच्याकडे माणूस बांगडी घेऊन येतो. दगडावर घासली की वरचा कस कळतो. पण आम्ही त्यावर भाव सांगत नाही. वितळल्यावर आत काय निघतं ते बघून सांगतो. आत तांबं आहे हे कळल्यावर पुन्हा वरचा कस दाखवून ती दुसऱ्याच्या गळ्यात मारली, तर आमच्या दुकानात कोण येईल?"

मी म्हणालो, "अरे, हे तर दुकान नाही."

"तेच तर," तो म्हणाला. "दुकानात निदान चार माणसं बघत असतात."

कस हा शब्द मराठीत किती ठिकाणी राबतो! सोन्याचा कस, जमिनीचा कस, माणसाचा कस. कसोटीच्या दगडावरून तो आला आणि दगडावरची रेघ वरच्या थराचीच असते, हे आपण विसरलो. जमिनीचा कस मात्र पीक घेतल्यावाचून कळत नाही, आणि माणसाचा चढ लागल्यावाचून. सुखाच्या सपाट रस्त्यावर आपण सगळेच साडेबारा व्होल्ट दाखवत असतो. त्या मुलाचा चढ त्या रविवारी शंकर रोडवर नव्हता, दलालाच्या दुकानासमोर होता, आणि तो चढताना त्याचा आकडा फारसा खाली आलेला मला दिसला नाही.

मिस्त्रीने आठवडाभरात वाट काढली. एका बंद पडलेल्या स्कूटरच्या संचातून त्याने त्याच बनावटीची, साधारण त्याच वयाची एक बॅटरी शोधली, तिला बल्बांच्या भारावर तासभर जाळून पाहिली, आणि बाराशे रुपयांत बसवून दिली. देताना स्पष्ट सांगितले की ही थंडीपर्यंत चालेल, पुढचे मी सांगत नाही. जोड लावताना चांगल्या-वाईटापेक्षा वय जुळणे महत्त्वाचे, असे तो म्हणाला. नव्याची ताकद जुन्यांत कुजते. त्या संध्याकाळी स्कूटर उड्डाणपूल चढून गेली. वेग मंदावला, पण ती थांबली नाही. मुखर्जीनगरच्या गेलेल्या चार मुलांपैकी दोघे परत आले, दोघे आले नाहीत.

मिस्त्रीचा अंदाज खरा ठरला. जानेवारीच्या धुक्यात पाचही जणींनी एकामागून एक मान टाकली. तोवर डब्यांच्या पैशांतून नव्या संचापुरती रक्कम जमली होती. जुन्या बॅटऱ्या दुकानदाराने वजनावर परत घेतल्या. बॅटरी मेली तरी तिच्यातले शिसे मरत नाही. ते वितळवून पुन्हा पत्रे ओतले जातात. कोणाच्या तरी परसात उघड्या भट्टीवर वितळवले तर त्याचा धूर आसपासच्या मुलांच्या रक्तात उतरतो, म्हणून २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करून नोंदणीकृत कारखान्यात पोचवण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. मुलाने हे ऐकले आणि म्हणाला, म्हणजे शेवटी हीसुद्धा गलाईच.

नवा संच बसवण्याच्या दिवशी मी गेलो होतो. पाचही बॅटऱ्या पेटीत जाण्यापूर्वी त्याने पांढऱ्या रंगाने प्रत्येकीवर महिना आणि साल लिहिले. शिवाय एका वहीच्या कागदावर, केव्हा घेतली, किती किलोमीटर झाले, मागे कोणती बॅटरी बिघडली होती, कोठे थांबत असे, हे सगळे मराठीत लिहून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आसनाखाली चिकटवले. मी विचारले, हे कोणासाठी? तुला तर सगळे पाठ आहे.

तो कागदाचे कोपरे अंगठ्याने दाबत होता. म्हणाला, "पुढं कधी विकावी लागली तर." मग जरा थांबून त्याने मला विचारले की हेच हिंदीतही लिहून द्याल का, येथे मराठी कोण वाचणार? मी खिशातून पेन काढले.